सोसायटीत कार वॉश करून निधी जमवायचाय : रेट किती ठेवायचा, गणित कसं मांडायचं

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे. कर्वेनगरच्या सोसायटीतली तुम्ही वीस पोरंपोरी, पानशेतच्या पलीकडच्या एका झेडपी शाळेला पाण्याची टाकी आणि फिल्टर बसवून द्यायचाय, त्याला ६० हजार लागणार, त्यासाठी एका रविवारी सोसायटीत कार वॉश करायचं ठरतंय, आणि रेट १०० रुपये ठेवायचा की 'ज्याला जे वाटेल ते द्या' म्हणायचं इथे गाडी अडलीये.

माझं वारज्यात वॉशिंग सेंटर आहे, १४ वर्षं झाली, आणि कॉलेजचे ग्रुप, मंडळं, सोसायट्या यांना असे कार वॉश करायला मी सहा-सात वेळा तरी मदत केलीये, त्यातले दोन फसले, दोन बरे झाले आणि बाकीचे खरंच छान झाले, त्यामुळे जरा सविस्तर लिहितो, वेळ काढून वाचा.

आधी १०० रुपयांचं गणित करून टाकू. वीस जणांत तुम्हाला गाड्यांच्या तीन रांगा लावता येतात, प्रत्येक रांगेला चार जण, दोघं धुणारे दोघं पुसणारे. टू-व्हीलरची एक वेगळी रांग, तिला तीन जण. एक जण गेटवर, दोघं टेबलावर कूपन आणि हिशोब बघायला, आणि दोघं फक्त पाणी भरायला आणि फडकी धुवून पिळून द्यायला. झाले वीस. आता एका गाडीला किती वेळ लागतो? पोरं म्हणतात दहा मिनिटं. नाही होत. माझ्याकडे रोज हेच काम करणाऱ्या पोरांना प्रेशर गन हातात असून पंधरा मिनिटं लागतात, तुम्हाला बादलीने वीस धरा, आणि ते वीससुद्धा पुसण्यात जातात धुण्यात नाही. म्हणजे एका रांगेत तासाला तीन गाड्या, तीन रांगांत नऊ. सकाळी ७ ते साडेअकरा, त्यातला अर्धा तास पोहे-चहा आणि इकडेतिकडे जातोच, उरले चार तास. ३६ गाड्या. बस्स. कितीही उत्साह असला तरी पहिल्यांदा करणाऱ्यांच्या ४० च्या वर गाड्या झालेल्या मी बघितल्या नाहीत.

३६ गाड्या गुणिले १०० म्हणजे ३,६०० रुपये. खर्च याच्या तिप्पट होणार आहे. म्हणजे वीस पोरं सकाळभर वाकून वाकून गाड्या धुणार आणि शाळेला द्यायला खिशातले पैसे घालणार, त्यापेक्षा वर्गणी काढलेली बरी.

'ज्याला जे वाटेल ते द्या' याबद्दल माझं मत पक्कं आहे, करू नका. एका मंडळाने केलं होतं, मन मोठं होतं त्यांचं, पण झालं काय की लोक गाडी घेऊन आले आणि टेबलापाशी येऊन विचारायला लागले की बाकीचे किती देतायत, कारण कमी दिलं तर वाईट दिसतं आणि जास्त दिलं तर आपणच वेडे की काय असं वाटतं, माणूस अवघडतो, आणि अवघडलेला माणूस शंभरची नोट काढून मोकळा होतो. त्यांची सरासरी सव्वाशेच्या आसपास आली. पुढच्या वर्षी त्याच मंडळाने, त्याच गल्लीत, छोट्या गाडीला ३०० असा ठाम रेट लावला आणि खाली एक ओळ लिहिली की याच्यावर जे द्याल ते सगळं कामाला. लोकांनी ३०० तर दिलेच, वर कित्येकांनी ५०० ची नोट देऊन 'राहू दे' म्हटलं. सुरुवातीला आकडा समोर असला की माणूस मोकळा होतो.

मग रेट किती? आमच्या भागात बाहेरून फोम वॉशला छोट्या गाडीचे ३०० ते ३५०, सेडानचे ४०० च्या आसपास, एसयूव्हीचे ५०० पर्यंत घेतात, तुमच्या घराजवळच्या दोन सेंटरला जाऊन बोर्ड बघून या, सहा महिन्यात बदलतात हे रेट. तुम्ही बाजारभावाच्या वर जाऊ नका, कारण तुमची धुलाई सेंटरसारखी होणार नाही हे तुम्हालाही माहितीये, पण निम्म्यावरही येऊ नका, कारण स्वस्त वॉश म्हणून जो येतो तो वॉश बघायला येतो, दरवाज्याच्या कडेला पाणी राहिलं म्हणून वाद घालतो, आणि शाळेसाठी म्हणून येतो त्याला तुम्ही ५० रुपये कमी घेतले काय न घेतले काय फरक पडत नाही. छोटी गाडी ३००, सेडान ३५०, एसयूव्ही आणि सात सीटर ४५०, टू-व्हीलर १००. तीनच प्रकार ठेवा. मला एका ग्रुपने आठ प्रकारांचं रेट कार्ड दाखवलं होतं, त्यात कॉम्पॅक्ट एसयूव्ही वेगळी आणि मोठी वेगळी, गेटवरच्या मुलीचा अर्धा वेळ हीच गाडी कशात बसते यावर गेला.

आता जमा बघू. ३६ मध्ये १६ छोट्या, ८ सेडान, १२ मोठ्या धरल्या तर ४,८०० अधिक २,८०० अधिक ५,४००, म्हणजे १३ हजार. टू-व्हीलर चार तासात ३० होतील, ३ हजार. एकूण १६ हजार. आणि इथेच मला जे मुख्य सांगायचंय ते येतं : गाड्या धुऊन मिळणारे पैसे हा एकूण निधीचा तिसरा हिस्सा असतो, बाकीचे दोन हिस्से गाडीच्या आजूबाजूला असतात आणि ते त्या रविवारच्या आधीच्या तीन आठवड्यांत जमतात. जे फसले दोन त्यांनी सगळं लक्ष बादल्यांवर दिलं होतं.

आजूबाजूला म्हणजे काय ते सांगतो. पहिलं, कूपन. त्या दिवशी बोर्ड लावून लोकांची वाट बघत बसायचं नाही, तीन आठवडे आधी कूपन छापायची, त्यावर गाडी नंबर, प्रकार, आणि वेळ लिहायची, पैसे तिथल्या तिथे घ्यायचे. प्रत्येकाने दोन कूपनं विकली की ४० झाली, ३६ गाड्या तिथेच भरल्या. आणि माझा अनुभव सांगतो, दहातले दोघं येतच नाहीत, कोणाकडे पाहुणे येतात, कोणी झोपतं, पैसे मात्र आलेले असतात आणि कोणी परत मागत नाही. पण म्हणून मुद्दाम जास्त विकू नका, सगळेच आले तर तोंड दाखवायला जागा राहणार नाही. त्यापेक्षा दुसऱ्या रंगाचं एक कूपन काढा, ५०० रुपयांचं, त्यावर सरळ लिहा की यात गाडी धुतली जाणार नाही, हे फक्त शाळेच्या टाकीसाठी. ज्यांच्याकडे गाडी नाही असे आजी-आजोबा, ज्यांची मुलं बाहेर आहेत असे काका-काकू, ज्यांना रविवारी गावाला जायचंय ते, हे लोक घेतात, आणि आनंदाने घेतात. वीस कूपनं जातात, १० हजार झाले.

दुसरं, स्पॉन्सर. मोठ्या कंपन्यांच्या मागे लागू नका, मेलला उत्तर यायच्या आत तुमचा रविवार होऊन जातो. तुमच्या चौकातला टायरवाला, गाडीचा इन्शुरन्स काढणारा, दाताचा डॉक्टर, किराणा सुपर शॉपी, यांच्याकडे दोघं दोघं जाऊन बसा, बॅनरवर नाव आणि कूपनच्या मागे नाव, ५ हजार. तीन मिळतात. १५ हजार. जाताना शाळेचा एक फोटो आणि टाकी-फिल्टरचं कोटेशन हातात न्या, दुकानदाराला कागद बघायला आवडतो आणि त्याचं बरोबर आहे.

तिसरं, झेंडूच्या माळा, त्याचं तारखेशी नातं आहे म्हणून तिथे सांगतो. ४० माळा ५० रुपयांनी गेल्या तर २ हजार. आणि चौथं, रेटच्या वर लोक जे देतात ते, गाडीमागे सरासरी १५० धरा, ५,४०० झाले.

१६,००० अधिक १०,००० अधिक १५,००० अधिक २,००० अधिक ५,४००, झाले ४८,४००. आता यातून खर्च. मायक्रोफायबर फडकी ४० लागतील, ६० रुपयांची धरा, २,४००. बादल्या दहा, १,५००, पण या घराघरातून जमवता येतात, फक्त तळाशी वाळू-माती नको. हातमोज्यासारखे वॉश मिट आठ, ९६० रुपये. पाच लिटरचा शाम्पूचा कॅन ९००. पाणी विकत घ्यावंच लागलं तर १,५००. कूपन आणि बॅनर ८००. पोहे-चहा १,२००. माळांची फुलं ८००. दोन माणसांची मजुरी १,२००, ती कशाची ते खाली येतंय. सगळं मिळून ११ हजारांच्या थोडं वर. हातात उरले ३७ हजार. म्हणून ६० हजार एका रविवारात होतील असं शाळेला आत्ताच कबूल करू नका. ३५ हजार म्हणा, टाकी पहिल्यांदा बसवा, फिल्टर दुसऱ्या कार वॉशनंतर, कारण दुसऱ्या वेळी फडकी बादल्या मिट सगळं घरात असतं, खर्च निम्म्यावर येतो आणि पोरांचा हात बसलेला असतो. सामान घ्यायला बोहरी आळीत जा बादल्या-पाइपसाठी, आणि शाम्पू, फडकी नाना पेठेत ऑटोच्या दुकानांत, एकदम घेतलं की रेट करून देतात.

तारीख. याच्यावर लोक पुरेसा विचार करत नाहीत आणि माझ्या मते अर्धा निकाल इथेच लागतो. आपल्याकडे गाडी मनापासून धुतली जाते ती दसऱ्याला, खंडेनवमीला शस्त्रं-अवजारं आणि दसऱ्याला गाडीला हार. मग दसऱ्याच्या आधीचा रविवार घ्या. त्या आठवड्यात माझ्या सेंटरला दोन दोन तास रांग असते, लोकांना गाडी धुऊन हवीच असते, तुम्हाला फक्त सांगायचं की इथे धुवा, आणि जाताना झेंडूची माळ घेऊन जा. माळा आदल्या संध्याकाळी घरीच ओवायच्या, फुलं गुलटेकडीच्या मार्केट यार्डातून पहाटे आणायची, पण दसऱ्याच्या अगदी तोंडावर भाव चढतो म्हणून चार-पाच दिवस आधीचा रविवार मिळाला तर उत्तम. एकच धोका, परतीचा पाऊस. म्हणून कूपनवर पहिल्या दिवसापासून 'पाऊस आल्यास पुढचा रविवार' छापा, नाहीतर फोन घेता घेता रडकुंडीला याल. दसरा नाही जमला तर डिसेंबर-जानेवारी चांगले, ऊन सौम्य असतं आणि धूळ भरपूर असते. गणपतीचे दहा दिवस नको, पोरंच मिळत नाहीत. आणि एप्रिल-मे तर अजिबात नको, त्याचं कारण पाणी.

पाण्याबद्दल जरा मनातलं बोलतो. तुम्ही ज्या शाळेला टाकी देताय ती पानशेतकडे आहे. पानशेत, वरसगाव, टेमघरचं पाणी खडकवासल्यात येतं आणि तिथून आपल्या नळाला. त्या खोऱ्यातल्या पोरांना प्यायचं पाणी स्वच्छ मिळत नाही म्हणून आपण पैसे जमवणार, आणि त्याच खोऱ्यातून आलेलं प्यायचं पाणी गाड्यांवर ओतणार, हे मला पटत नाही आणि तुम्हालाही पटू नये. नळाचं पाणी वापरू नका, उन्हाळ्यात तर नाहीच नाही. सोसायटीचं बोअर असेल तर ते वापरा, सोसायटीत सांडपाणी शुद्ध करायचा प्लांट असेल तर पहिली धूळ उतरवायला आणि टायरला त्याचं पाणी घ्या, हातमोजे घालून. घरातल्या आरओचं वाया जाणारं पाणी आठवडाभर ड्रममध्ये जमवलं तर तेही टायरला चालतं, पण शेवटच्या हाताला ते नको, त्यात क्षार जास्त असतात, वाळलं की पांढरे डाग. बोअरच्या पाण्याचंही तेच, आपल्याकडे काळा पाषाण, बोअरचं पाणी जड, म्हणून बोअरने धुतलेली गाडी लगेच पुसायची, एक मिनिट वाळू द्यायची नाही.

आणि पाणी लागतं किती? घाबरतात लोक, दहा हजार लिटरचा टँकर मागवतात. पाइप सोडून ठेवला तर लागेलच, चालू पाइप मिनिटाला दहा-बारा लिटर ओततो, पंधरा मिनिटांत दीडशेच्या वर. बादलीने आणि मगाने केलं तर एका गाडीला ५० लिटर पुरतात. ३६ गाड्यांचे १,८००, तीस टू-व्हीलरचे १५ प्रमाणे ४५०, फडकी धुवायला तीनशे, म्हणजे अडीच हजार लिटर. कामाच्या दिवशी पाइपला नॉब लावा, बंद-चालू करायचा, आणि पाइप एकाच माणसाच्या हातात द्या. बॅनरवर लिहा की एका गाडीला ५० लिटर, बोअरचं पाणी, लोकांच्या मनात हा प्रश्न असतोच, विचारायच्या आधी उत्तर द्या.

घाण पाणी कुठे जातंय ते आदल्या दिवशी बघा, दोन बादल्या ओतून. रस्त्याकडेच्या पावसाळी गटारात गेलं तर ते नाल्यातून थेट मुठेत जातं, शाम्पू, तेल, ब्रेकची काळी पूड सगळं घेऊन. सोसायटीच्या ड्रेनेजच्या चेंबरकडे उतार असलेली जागा घ्या, किंवा मातीची मोकळी जागा असेल तर तिथे, माती पाणी पिते. नाही उतार तर वाळूच्या पोत्यांनी वळवता येतं, चार पोती पुरतात.

आता एक गोष्ट जी कोणी विचारत नाही. तुमच्या सोसायटीत रोज सकाळी गाड्या पुसणारे दादा असतील, महिन्यावर काम करणारे. तुमचा कार्यक्रम ठरला की सगळ्यात आधी त्यांच्याशी बोला, कमिटीच्याही आधी. एका सोसायटीत आम्ही हे केलं नाही, त्या माणसाला रविवारी सकाळी बॅनर बघून कळलं, त्याला वाटलं आपलं काम गेलं, दोन-तीन घरांनी त्या महिन्याचे पैसे कापले सुद्धा की या वेळी मुलांनी धुतली म्हणून. मला फार लागलं ते, शाळेतल्या पोरांसाठी म्हणून निघालो आणि दारातल्या माणसाच्या पोटावर पाय. तेव्हापासून माझा नियम, त्यांनाच त्या दिवसाचे उस्ताद करायचं. दोघं असतील तर दोघांना प्रत्येकी ६०० रुपये मजुरी रोख, शनिवारी संध्याकाळी ते पोरांना शिकवणार, रविवारी पुसायच्या रांगेवर उभे राहणार, आणि महिन्याचे पैसे कोणी कापायचे नाहीत असं चेअरमनकडून ग्रुपवर आधीच टाकून घ्यायचं. त्यांना गाडीवर पाणी कुठे दडतं ते माहिती असतं, आरशाच्या खाली, नंबर प्लेटच्या मागे, पेट्रोलच्या झाकणात, तुमची निम्मी गाऱ्हाणी तिथेच संपतात.

धुण्याबद्दल थोडं, कारण ओरखडा पडला तर तुमच्या जमलेल्या पैशांतून जातो. ओरखडा शाम्पूने पडत नाही, धुळीने पडतो. आपल्याकडे बांधकामाची, खोदलेल्या रस्त्यांची बारीक कचकच गाडीवर बसलेली असते, ती आधी नुसत्या पाण्याने उतरवायची, हात न लावता. मग दोन बादल्या, एकीत शाम्पू, दुसरीत साधं पाणी, मिट दर वेळी आधी साध्या पाण्यात खळबळायचा मगच शाम्पूत बुडवायचा. टप, काचा, बॉनेट, दरवाजे, सगळ्यात शेवटी खालचा पट्टा. टायर आणि चाकांचं फडकं वेगळ्या रंगाचं, ते वर येताच कामा नये. जमिनीवर पडलेलं फडकं उचलून वापरायचं नाही, बाजूच्या टबात टाकायचं आणि नवीन घ्यायचं, हे पोरांना दहा वेळा सांगा. अंगठी, घड्याळ, कडं, पट्ट्याचं बक्कल काढून ठेवायचं, गाडीला टेकून टप पुसताना बक्कल घासतं. भांड्यांचा साबण किंवा कपड्यांची पावडर नको, पॉलिश उतरवते. बॉनेटला हाताची मागची बाजू लावून बघा, चटका बसला तर ती गाडी दहा मिनिटं सावलीत, तोपर्यंत दुसरी घ्या.

इंजिनला हात लावायचा नाही, कोणी कितीही म्हटलं तरी. इलेक्ट्रिक गाडी चार्जिंगला लावलेली असताना धुवायची नाही. आणि आतून साफसफाई घेऊ नका. मला माहितीये व्हॅक्यूमचे १५० रुपये जास्त मिळतात, पण आत लोकांचे गॉगल, सुट्टे पैसे, कागदपत्रं असतात, एक गोष्ट सापडली नाही की वीस पोरांवर संशय, तो तुम्हाला नकोय. टू-व्हीलरला सायलेन्सरमध्ये आणि चावीच्या भोकात पाणी जाऊ द्यायचं नाही, सीटला आणि टायरला शाइन लावायचं नाही, माणूस घसरतो, आणि जाताना सांगायचं की पहिले दोन-तीन वेळा ब्रेक हळू दाबा, ओले आहेत.

चावी घ्यायची नाही. गाडी मालकाने आणायची, मालकाने न्यायची. तुमच्यातल्या निम्म्यांकडे लायसन्स नसेल, आणि असलं तरी दुसऱ्याची गाडी बेसमेंटच्या रॅम्पवर घ्यायची हे काम नाही. आणि गाडी रांगेत लागली की मालकासमोर एक फेरी मारून दोन्ही बाजूंचे फोटो काढायचे, जुने ओरखडे बोटाने दाखवायचे, हसतमुखाने. हे आम्ही एकदा केलं नाही आणि एका काळ्या सेडानच्या मालकाने दरवाज्यावरचा ओरखडा आमच्या नावावर लावला, आमचा होता की नाही देव जाणे, पण दाखवायला काही नव्हतं म्हणून जमलेल्या पैशांतून अडीच हजार द्यावे लागले. अडीच हजार म्हणजे आठ गाड्या.

स्लॉट देताना एक लक्षात ठेवा, तुमच्या भागातले लोक रविवारी सकाळी सिंहगडला जातात आणि दहाच्या सुमाराला मळलेल्या गाड्या घेऊन परत येतात. सगळ्यांना दहा ते साडेअकरा हवं असतं. सात ते साडेआठचे स्लॉट ज्येष्ठांना द्या, ते उठलेले असतात आणि वेळेवर येतात. एका स्लॉटला तीनच गाड्या.

परवानग्या आणि पैशांचं खातं, हे कंटाळवाणं आहे पण सोडू नका. कार्यक्रम सोसायटीच्या आतच करा, कमिटीचं पत्र घ्या, रस्त्यावर आलात की महापालिका आणि ट्रॅफिक पोलीस दोन्ही आले. धर्मादाय कामासाठी लोकांकडून पैसे गोळा करायला महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियम १९५० च्या कलम ४१क खाली धर्मादाय आयुक्त कार्यालयाची परवानगी लागते, गणपती मंडळं वर्गणीसाठी घेतात तीच. तुमची नोंदणीकृत संस्था नाहीये, त्यामुळे सोपा रस्ता म्हणजे शिक्षणात काम करणारी एखादी नोंदणीकृत संस्था गाठा, तिच्या नावाने कार्यक्रम करा, तिच्या खात्याचा क्यूआर टेबलावर लावा. देणगीवर आयकरात सवलत मिळवायची पावती, ८०जी म्हणतात ती, कोणी मागितली तर ती संस्थाच देऊ शकते, आणि तीही निव्वळ देणगीची, गाडी धुवायचे ३०० रुपये देणगीत धरत नाहीत, शिवाय रोख दोन हजारांच्या वर दिली तर त्यावर सवलत मिळत नाही, हे टेबलावरच्या दोघांना पाठ असू द्या. कोणा एका मुलाच्या स्वतःच्या फोनचा क्यूआर लावू नका. एका कॉलेजच्या ग्रुपने लावला होता, पोरगा अगदी सरळ, पै न् पै त्याने दिली, पण घरच्या खर्चाचे आणि कार वॉशचे पैसे त्याच खात्यात मिसळले आणि हिशोब लागेपर्यंत तीन महिने त्याच्याकडे लोक वेगळ्या नजरेने बघत होते. तो पोरगा पुन्हा कुठल्या कामाला आला नाही.

शाळेशी पण आधी बोलून घ्या, मुख्याध्यापकांशी आणि शाळा व्यवस्थापन समितीशी. रोख देऊ नका, टाकी-फिल्टरचं बिल थेट दुकानदाराला द्या. आणि फिल्टरचे कँडल की कार्ट्रिज दर काही महिन्यांनी बदलावे लागतात, त्याचे वर्षाचे पैसे आत्ताच बाजूला काढा, मी तीन शाळांत फिल्टर बघितलेत जे फक्त कार्ट्रिज बदललं नाही म्हणून कोपऱ्यात पडलेत, आणि पोरं त्याच्या शेजारी बसून जुन्या माठातलं पाणी पितात.

रविवारी दुपारी जेवायच्या आधी टेबलावर बसून रोख मोजा, तिघांनी, आणि कागदावर तिघांच्या सह्या. आठ दिवसांत जमा-खर्चाचा एक कागद सोसायटीच्या बोर्डावर, ज्यांनी ५०० चं कूपन घेतलं त्यांची नावं त्यांना विचारून, आणि टाकी बसली की बिलाचा आणि टाकीचा फोटो त्याच जागी. फडकी कोमट पाण्यात सॉफ्टनर न घालता धुवा, टायरची वेगळी, सावलीत वाळवा आणि पिशवीत बांधून सोसायटीच्या ऑफिसात ठेवा, फिल्टरच्या वेळी तीच लागतील.